‘राष्ट्रीय’ उद्याने आणि प्रांतिक सत्ता : भारतातील राष्ट्रीय उद्यानांच्या प्रशासनाचा विकास

१. प्रश्नाचे स्वरूप

ताडोबाचे अरण्य १९५५ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले, त्या वेळी आजचा चंद्रपूर जिल्हा चांदा ह्या नावाने ओळखला जात असे व तो मध्य प्रदेश राज्यात मोडत असे. ज्या कायद्याने हे उद्यान निर्माण झाले तो कायदाही मध्य प्रदेशाच्या विधिमंडळाने त्याच वर्षी केलेला होता. पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचना होऊन हा जिल्हा मुंबई राज्यात आला, आणि १९६० साली महाराष्ट्रात. पाच वर्षांच्या अवधीत ह्या ‘राष्ट्रीय’ उद्यानाने तीन राज्यांची सत्ता पाहिली; परंतु राष्ट्राच्या म्हणजे केंद्राच्या सत्तेचा त्याच्याशी प्रत्यक्ष संबंध असा जवळजवळ आलाच नाही. जमीन राज्याची, कायदा राज्याचा, नोकरवर्ग राज्याच्या वनखात्याचा आणि खर्चही राज्याचाच. मग ‘राष्ट्रीय’ ह्या विशेषणाचा अर्थ काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

हा प्रश्न केवळ शब्दाचा नाही. राष्ट्रीय उद्यानाची कल्पना जेथून आली त्या अमेरिकेत ह्या विशेषणास नेमका कायदेशीर अर्थ होता. १८७२ साली यलोस्टोन उद्यानाची स्थापना झाली, तेव्हा तो मुलूख अद्याप कोणत्याही घटक राज्यात समाविष्ट झालेला नव्हता. जमीन संघराज्याच्या मालकीची होती आणि तिची व्यवस्था संघराज्याच्या काँग्रेसने लावली. १८८६ पासून काही दशके तेथे सैन्याचा पहारा होता आणि १९१६ साली राष्ट्रीय उद्यान सेवा हे स्वतंत्र खाते निघाले. म्हणजे मालकी, कायदा व प्रशासन ही तिन्ही अंगे राष्ट्रीय होती. भारतात हा शब्द आला. परंतु त्यामागील ही रचना आली नाही. येथे ह्या शब्दाने कालांतराने निराळाच अर्थ धारण केला. तो अर्थ कोणता, तो कोणत्या टप्प्यांनी घडला आणि त्याची किंमत कोणास द्यावी लागली, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

२. शिकारीच्या नियमनापासून उद्यानापर्यंत

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश राजवटीस वन्य पशूंच्या रक्षणाची चिंता मुख्यतः उपयुक्ततेच्या दृष्टीने वाटत होती. हत्ती हा लष्कराच्या व लाकूड वाहतुकीच्या कामाचा पशू. म्हणून मद्रास प्रांताने १८७३ साली व हिंदुस्थान सरकारने १८७९ साली हत्तींच्या रक्षणाचे कायदे केले. वाघ, बिबटे, लांडगे ह्यांची गणना मात्र उपद्रवी प्राण्यांत होत असे व त्यांच्या वधाबद्दल सरकारातून बक्षिसे दिली जात. १८८७ साली पक्ष्यांसाठी आणि १९१२ साली पशू व पक्षी ह्या दोहोंसाठी कायदे झाले. त्यांचे स्वरूप प्रामुख्याने शिकारीचा हंगाम ठरवून देण्याचे होते. शिकार बंद व्हावी हा त्यांचा हेतू नव्हता. ती पुढील वर्षीही करता यावी, हा होता.

ह्याच काळात १८६५, १८७८ व पुढे १९२७ च्या वन कायद्यांनी अरण्यांचे राखीव व संरक्षित असे वर्ग पाडले. ह्या वर्गवारीचे महत्त्व पुढील इतिहासाच्या दृष्टीने फार मोठे आहे. राखीव जंगल जाहीर करावयाचे तर त्या भूमीवरील लोकांच्या हक्कांची चौकशी करावी, काही मान्य करावे, काही मोबदला देऊन संपवावे आणि उरलेले नाकारावे, ही पद्धती तेथे रूढ झाली. भारतातील राष्ट्रीय उद्यानाचा पुढील कायदा ह्याच साच्यात ओतला गेला. उद्यानाची कल्पना अमेरिकेकडून व आफ्रिकेकडून आली असेल. परंतु ती अमलात आणण्याची कार्यपद्धती वनखात्याच्या दप्तरातून आली, हे विसरता येणार नाही.

१९१९ च्या सुधारणांनी आलेल्या द्विदल राज्यपद्धतीत वने हा विषय प्रांतांकडे गेला. बहुतेक प्रांतांत तो गव्हर्नरच्या राखीव खात्यांत राहिला. मुंबई व ब्रह्मदेश ह्या प्रांतांत तो मंत्र्यांच्या हाती सोपवला गेला. ह्यामुळे राष्ट्रीय उद्यान स्थापन करण्याची वेळ आली तेव्हा तो अधिकार स्वाभाविकपणे प्रांतांचा ठरला. १९३३ साली लंडन येथे, मुख्यतः आफ्रिका खंड डोळ्यांसमोर ठेवून, वन्य पशू व वनस्पती ह्यांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. राष्ट्रीय उद्यान म्हणजे सार्वजनिक नियंत्रणाखालील असा प्रदेश, की ज्याच्या सीमा सक्षम कायदेमंडळाखेरीज कोणास बदलता येऊ नयेत, अशा आशयाची व्याख्या त्या करारात होती. त्यापूर्वी १९२६ साली दक्षिण आफ्रिकेच्या पार्लमेंटने कायदा करून क्रूगर उद्यान स्थापन केले होते. सीमेची शाश्वती कायदेमंडळाने द्यावी, हे तत्त्व अशा रीतीने त्या काळी सर्वमान्य होत होते.

ह्या पार्श्वभूमीवर संयुक्त प्रांताने १९३५ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा केला व १९३६ साली रामगंगेच्या खोऱ्यात भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. त्या प्रांताचे गव्हर्नर सर माल्कम हेली ह्यांचे नाव त्यास देण्यात आले. प्रारंभीचे क्षेत्र सुमारे ३२४ चौरस किलोमीटर होते. स्वातंत्र्यानंतर काही काळ ते रामगंगा उद्यान म्हणून ओळखले गेले व १९५५ साली जिम कॉर्बेट निवर्तल्यानंतर लवकरच त्यांचे नाव त्यास मिळाले. गव्हर्नर, नदी आणि शिकारी-लेखक अशी ही तीन नावे; प्रशासन मात्र आरंभापासून प्रांताच्याच वनखात्याकडे राहिले.

३. स्वातंत्र्योत्तर दोन दशके

१९५० च्या राज्यघटनेने हीच वाटणी कायम केली. वने आणि वन्य पशुपक्ष्यांचे रक्षण हे दोन्ही विषय राज्य सूचीत आले. परिणामी प्रत्येक राज्य आपापल्या गतीने चालू लागले. मुंबई राज्याने १९५० साली राष्ट्रीय उद्यानांचा व १९५१ साली वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा केला. मध्य प्रदेशाने १९५५ साली उद्यानांचा कायदा करून कान्हा व ताडोबा ही उद्याने जाहीर केली. आसामने असा कायदा १९६८ साली केला व त्याखाली काझीरंगा १९७४ साली राष्ट्रीय उद्यान झाले. जेथे राज्याने कायदा केला नाही तेथे राष्ट्रीय उद्यान होऊ शकत नव्हते. सातव्या दशकाच्या अखेरीपर्यंत सबंध देशात अशी उद्याने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

ह्या काळात संरक्षित झालेल्या भूमीचा पूर्वेतिहास पाहिला असता एक गोष्ट ध्यानात येते. तिच्यातील बराच भाग संस्थानिकांच्या शिकारखान्यांचा होता. शिवपुरीचे उद्यान शिंद्यांच्या, रणथंभोर जयपूरच्या आणि केवलादेवचे पाणथळ भरतपूरच्या दरबाराचे शिकारक्षेत्र होते. भरतपूर येथे १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो ह्यांच्या सन्मानार्थ झालेल्या एका दिवसाच्या शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेल्याची नोंद आहे. शिकारखान्यांमुळे ही अरण्ये टिकली, हे खरे. परंतु त्यांच्याबरोबर एक परंपराही वारशाने आली. अरण्य म्हणजे पहाऱ्यात ठेवावयाची, इतरांस मज्जाव असलेली जागा, ही ती परंपरा होय. दरबारचा पहारेकरी गेला आणि त्याच्या जागी वनखात्याचा नाकेदार आला. गवत व सरपण आणणाऱ्या गावकऱ्याच्या दृष्टीने हा बदल फार मोठा नव्हता.

केंद्र सरकारचा ह्या काळातील हात सल्ल्यापुरता होता. १९५२ साली भारतीय वन्यजीव मंडळ स्थापन झाले व म्हैसूरचे महाराज जयचामराज वडियार त्याचे पहिले अध्यक्ष झाले. मंडळ शिफारशी करी. राज्ये त्या मानीत किंवा न मानीत. शेतीचा विस्तार, धरणे, लाकडाची मागणी आणि परकीय चलनासाठी चालविलेल्या शिकार कंपन्या ह्यांपुढे अशा शिफारशींचे बळ अपुरे पडले. कान्ह्यातील बारशिंग्यांची संख्या १९७० साली ६६ इतकी खाली आली. कॉर्बेट उद्यानाच्या खोऱ्यावर रामगंगेच्या धरणाचे संकट आले. १९६६ साली उद्यानाचे क्षेत्र वाढवून सुमारे ५२० चौरस किलोमीटर करण्यात आले खरे, परंतु १९७४ साली कालागढच्या जलाशयाने खोऱ्यातील सखल व उत्तम गवताळ भाग पोटात घेतला. उद्यानाचा जन्म ज्या राज्यसत्तेने दिला तीच सत्ता पाटबंधारे आणि वीज ह्यांचीही मालक होती. दोहोंत विरोध आल्यास कोणते खाते वरचढ ठरेल, हे सांगावयास नको होते.

४. १९७२ चा अधिनियम : संमतीने आलेली केंद्रसत्ता

१९६९ च्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाचे अधिवेशन दिल्ली येथे भरले व वाघाच्या भवितव्याचा प्रश्न जगापुढे आला. पुढील वर्षी वाघाच्या शिकारीस बंदी झाली. १९७२ च्या गणनेत देशात १,८२७ वाघ असल्याचा अंदाज निघाला. त्या गणनेची पद्धती पुढे सदोष मानली गेली, तरी तिचा राजकीय परिणाम निःसंशय झाला. त्याच वर्षी संसदेने वन्यजीव संरक्षण अधिनियम संमत केला.

हा अधिनियम संसदेने कोणत्या अधिकाराने केला, हे पाहणे उद्बोधक आहे. विषय राज्य सूचीतील असल्यामुळे संसदेस त्यावर स्वतः होऊन कायदा करता येत नव्हता. म्हणून घटनेच्या २५२ व्या अनुच्छेदाचा आश्रय घेण्यात आला. दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून विनंती केल्यास संसद राज्य सूचीतील विषयावर कायदा करू शकते, आणि इतर राज्ये तो मागाहून स्वीकारू शकतात, अशी ती तरतूद आहे. आंध्र प्रदेश, बिहार, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आदी अकरा राज्यांनी असे ठराव केले. महाराष्ट्रासह इतर राज्ये पुढे सामील झाली. जम्मू व काश्मीर राज्याने मात्र १९७८ साली स्वतःचा कायदा केला व तो त्या राज्याची २०१९ साली पुनर्रचना होईपर्यंत चालू राहिला.

ह्या अनुच्छेदातील एक अट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. अशा रीतीने झालेला कायदा बदलण्याचा वा रद्द करण्याचा अधिकार राज्यास राहत नाही. तो केवळ संसदेस उरतो. राज्यांनी ठराव करताना एका परीने आपला कायदा करण्याचा अधिकार केंद्राच्या स्वाधीन केला. प्रशासनाचा भार मात्र स्वतःकडेच ठेवला. उद्यान जाहीर करावयाचे ते राज्यसरकारने, मुख्य वन्यजीव रक्षक नेमावयाचा तो राज्यसरकारने, हक्कांची चौकशी करावयाची ती जिल्हाधिकाऱ्याने. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने आणि वन्यजीव हे विषय समवर्ती सूचीत गेले व केंद्राच्या अधिकारास स्थायी अधिष्ठान मिळाले. परंतु नियम दिल्लीत आणि अंमल जिल्ह्यात, ही १९७२ ची विभागणी त्यानंतरही टिकून राहिली.

ह्या अधिनियमाने संरक्षित क्षेत्रांची एक उतरंड निश्चित केली. अभयारण्य ही खालची पायरी व राष्ट्रीय उद्यान ही वरची. दोहोंतील भेद मालकीचा नव्हे किंवा प्रशासनाचाही नव्हे. तो निर्बंधांच्या कठोरतेचा आहे. अभयारण्यात जिल्हाधिकारी मुख्य वन्यजीव रक्षकाच्या विचाराने लोकांचे काही हक्क चालू ठेवू शकतो आणि नियमित चराईस वाव राहतो. राष्ट्रीय उद्यानात गुरांची चराई निषिद्ध आहे, आणि भूमीवरील सर्व हक्क राज्यसरकारकडे आल्यावरच अंतिम अधिसूचना निघू शकते. ‘राष्ट्रीय’ ह्या शब्दाचा भारतीय अर्थ येथे प्रथम स्पष्ट होतो. हा शब्द भूमी कोणाची हे सांगत नाही. तेथे कोणाचा हक्क उरत नाही, एवढेच तो सांगतो.

५. व्याघ्र प्रकल्प आणि खर्चाचे राजकारण

कायद्याने जे साधले नव्हते ते द्रव्याने साधले. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पास प्रारंभ झाला. करण सिंग हे त्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्ष व कैलाश सांखला हे पहिले संचालक होते. प्रारंभीच्या नऊ क्षेत्रांत कॉर्बेट, कान्हा, रणथंभोर, बांदीपूर, मानस, सुंदरबन, सिमलीपाल, पलामू आणि विदर्भातील मेळघाट ह्यांचा समावेश होता. आरंभी सर्व खर्च केंद्राने उचलला. पुढे आवर्ती खर्चाचा निम्मा भार राज्यांवर आला. ह्या पैशाबरोबर केंद्राचे निकषही आले. गाभा क्षेत्रात वृक्षतोड नाही, चराई नाही व मानवी वस्ती शक्यतो नाही, ही भूमिका येथून रूढ झाली.

प्रशासनाच्या दृष्टीने हा मोठाच पालट होता. वनखात्याची कार्य आयोजना शंभर वर्षे लाकडाच्या उत्पन्नाभोवती रचली जात होती. वनसंरक्षक, उपवनसंरक्षक, वनक्षेत्रपाल, वनपाल आणि वनरक्षक ही साखळी कूप आखणे, लिलाव करणे व महसूल भरणे ह्यांसाठी उभारलेली होती. तिलाच आता तोड थांबवून पशुगणना, पाणवठे, वणव्यांच्या जाळरेषा आणि चोरट्या शिकारीवरील गस्त ही कामे करावयाची होती. अमेरिकेप्रमाणे उद्यानांसाठी निराळी सेवा भारतात कधीच निघाली नाही. १९८२ साली देहरादून येथे भारतीय वन्यजीव संस्था स्थापन झाली व तिने ह्याच वनाधिकाऱ्यांस नवे शिक्षण देण्यास आरंभ केला. अधिकारी काही वर्षे उद्यानात काम करी व बदली होताच पुन्हा लाकडाच्या विभागात जाई. ह्या व्यवस्थेचे दोष अनेकांनी दाखविले आहेत. परंतु उद्यान आणि भोवतालचे जंगल एकाच खात्याकडे राहिल्यामुळे दोहोंचा एकत्र विचार होऊ शकला, हा तिचा गुणही नाकारता येत नाही.

फळ कित्येक ठिकाणी उघड दिसले. कान्ह्यात १९६९ पासून सोंफ व इतर गावे उद्यानाबाहेर नेण्यात आली. पुढे अशा गावांची संख्या वीसहून अधिक झाली. उठलेल्या गावांच्या शेतांवर गवताची कुरणे तयार झाली आणि त्या कुरणांनी बारशिंग्यांस जीवदान दिले. नामशेष होऊ घातलेली ही जात सावरली, ही भारतीय वन्यजीव प्रशासनाची एक निर्विवाद कामगिरी होय. ह्या यशाचा दुसरा पक्ष असा, की जी कुरणे त्या जातीस तारक ठरली ती बैगा व गोंड कुटुंबांच्या सोडलेल्या शेतांची होती. यशाच्या जमाखर्चात ही रक्कम बहुधा मांडली जात नाही.

६. हक्कांचा प्रश्न

अधिनियमाप्रमाणे उद्यान दोन अधिसूचनांनी सिद्ध होते. पहिलीने सरकार आपला इरादा जाहीर करते. मग जिल्हाधिकारी हक्कांची चौकशी करतो. आणि सर्व दावे निकालात निघाल्यानंतर दुसरी, अंतिम अधिसूचना निघते. व्यवहारात पहिली व दुसरी ह्यांमध्ये अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे लोटली. ह्या मधल्या काळात गावकऱ्यांची स्थिती विलक्षण झाली. त्यांचे हक्क मान्य झालेले नव्हते व मोबदला देऊन संपविलेलेही नव्हते. परंतु त्यांचा वापर मात्र थांबविला गेला होता. मोहफुले वेचणे, तेंदूपाने तोडणे, गुरे चारणे, देवाच्या जत्रेस जाणे ही नित्याची कृत्ये कोणत्याही दिवशी गुन्हा ठरू शकत होती. ती ठरतील किंवा नाही हे नाकेदाराच्या मर्जीवर अवलंबून राहिले. ताडोबाच्या तळ्याकाठी तारू देवाचे स्थान आहे व उद्यानास नावही त्याच देवावरून मिळाले, असे मानतात. देवाचे नाव उद्यानाने घेतले. देवाच्या भक्तांस मात्र त्याच्या दर्शनाकरिता परवानगीची गरज पडू लागली.

ह्या विरोधाचा स्फोट भरतपूर येथे झाला. केवलादेव क्षेत्रास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाल्यावर १९८२ साली चराईस बंदी करण्यात आली. भोवतालच्या गावांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या तेथे चरत आलेली होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात गावकरी व पोलीस ह्यांच्यात चकमक झाली व गोळीबारात काही गावकरी प्राणास मुकले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तेथे जे दीर्घकालीन संशोधन केले त्याचा निष्कर्ष अनपेक्षित होता. म्हशींची चराई बंद झाल्यामुळे पाणथळ जागी गवत बेसुमार माजले, उघडे पाणी आक्रसले आणि कित्येक जातींच्या पक्ष्यांस ते प्रतिकूल ठरले. चराईबंदीचा आग्रह पूर्वी पक्षिशास्त्रज्ञांनीच धरला होता, हे ध्यानात घेता ह्या निष्कर्षाचे महत्त्व वाढते. केवलादेवचे पाणथळ हे मानवी हातांनी बांध घालून घडविलेले होते व गुरांच्या वावराने टिकलेले होते. ‘राष्ट्रीय उद्यान’ ह्या वर्गाने मात्र ते मनुष्यविरहित निसर्ग आहे असे गृहीत धरले. कायद्याची पायरी आधी ठरली आणि भूमीचे ज्ञान मागाहून आले.

कान्हा आणि भरतपूर ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली असता एकच सरळ धडा निघत नाही. एका ठिकाणी माणसे हलविल्याने पशू वाचले. दुसऱ्या ठिकाणी गुरे हलविल्याने पक्ष्यांची हानी झाली. म्हणजे मानवी वापराचा परिणाम स्थळपरत्वे भिन्न असतो व त्याचा निर्णय स्थानिक निरीक्षणावर सोपवावयास हवा. सबंध देशास एकच निर्बंध लावणाऱ्या कायद्यास मात्र असा भेद करता येत नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली राज्यांस आदेश दिला, की रखडलेली हक्कनिश्चिती वर्षभरात पुरी करावी. दिरंगाई संपविण्याचा हेतू योग्यच होता; परंतु दोन दशकांची चौकशी एका वर्षात उरकण्याच्या घाईत ज्यांच्यापाशी कागद नव्हता त्यांचा दावा टिकणे कठीण झाले. मेळघाटात गुगामल राष्ट्रीय उद्यानालगतची बोरी, कोहा, कुंड ही गावे २००० च्या सुमारास उठवून अन्यत्र वसविण्यात आली. तेथील कोरकू कुटुंबांस शेतजमीन मिळाली. जंगलाशी असलेला नित्यसंबंध मात्र कोणत्याही मोबदल्याच्या यादीत बसणारा नव्हता.

७. सीमेची शाश्वती कोणाकडे ?

१९३३ च्या लंडन करारातील तत्त्वास अनुसरून १९७२ च्या अधिनियमानेही उद्यानाची सीमा राज्य विधिमंडळाच्या ठरावाखेरीज बदलता येणार नाही, असे ठरविले. पुढे १९९१ च्या दुरुस्तीने अभयारण्यांसही हेच संरक्षण मिळाले. प्रशासकीय अधिकाऱ्यापेक्षा लोकप्रतिनिधींची सभा अधिक सावध असेल, हे त्यामागील गृहीत होय. अनुभव सर्वत्र तसा आला नाही. १९९५ साली गुजरातच्या विधानसभेने कच्छातील नारायण सरोवर अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ७६५ चौरस किलोमीटरवरून ४४४ पर्यंत घटविण्याचा ठराव केला. त्या भूमीत चुनखडक होता व सिमेंटच्या उद्योगास तो हवा होता. विधिमंडळ हे सीमेचे रक्षक असते, तसेच ते राज्याच्या औद्योगिक आकांक्षांचेही वाहक असते, हे ह्या प्रसंगाने दाखविले.

त्यानंतर शाश्वतीचे केंद्र हळूहळू सरकत गेले. १९९६ च्या डिसेंबरात गोदावर्मन प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने वनांच्या प्रश्नावर सतत देखरेख सुरू केली. २००० साली न्यायालयाच्या अनुज्ञेवाचून कोणतेही राष्ट्रीय उद्यान वा अभयारण्य रद्द करण्यास मनाई केली. आणि त्याच वर्षी उद्यानांतून वाळलेली झाडे व गवत नेण्यासही बंदी घातली. २००२ च्या दुरुस्तीने विधिमंडळाच्या ठरावाची जागा राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या शिफारशीने घेतली. पंतप्रधान ह्या मंडळाचे अध्यक्ष असतात. १९५२ साली ज्या मंडळाच्या शिफारशी राज्यांस बंधनकारक नव्हत्या, त्याच्या वारसाच्या संमतीवाचून पन्नास वर्षांनी राज्यास आपल्या उद्यानाची रेषा हलविता येईनाशी झाली. १९३५ साली प्रांतिक म्हणून जन्मास आलेली ही संस्था आता सीमेच्या बाबतीत खऱ्या अर्थाने राष्ट्रीय झाली, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु ह्या स्थित्यंतरात निर्णय उत्तरोत्तर गावापासून दूर गेला. विधानसभेतील आमदारास गावकरी निदान भेटू शकत होता. दिल्लीतील मंडळापर्यंत किंवा न्यायासनापर्यंत त्याचा आवाज पोहोचणे सुकर नव्हते.

८. २००६ चे दोन कायदे

२००४–०५ साली सरिस्का येथून वाघ समूळ नाहीसे झाल्याचे उघडकीस आले. १९७३ पासूनच्या व्यवस्थेस हा जबर धक्का होता. पहारा, गणना आणि अहवाल ही सर्व यंत्रणा कागदावर चालू असताना प्राणी मात्र संपले होते. २००५ साली सुनीता नारायण ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कृतिदलाने, भोवतालच्या लोकांस विरोधक बनवून वाघ वाचविता येणार नाही, असे प्रतिपादन केले. २००६ साली अधिनियमात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आले. आतापर्यंत केवळ योजना असलेल्या व्याघ्र प्रकल्पास त्यामुळे वैधानिक रूप मिळाले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने वनहक्क मान्यता कायदा संमत केला. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी ह्यांच्यावर झालेला अन्याय ऐतिहासिक आहे, अशी कबुली ह्या कायद्याच्या उद्देशिकेत आहे. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये ह्यांसही तो लागू आहे. हक्कांची मान्यता पूर्ण झाल्याशिवाय आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय पुनर्वसन करता येणार नाही, असे त्यात सांगितले आहे. त्याची अंमलबजावणी वनखात्याच्या मंत्रालयाकडे न देता आदिवासी कार्य मंत्रालयाकडे दिली गेली, ही गोष्ट वनखात्याच्या दीर्घ एकाधिकारास मर्यादा घालणारी होती. म्हणजे एकाच वर्षी एकाच संसदेने एका कायद्याने उद्यानाचा गाभा अधिक अभेद्य केला आणि दुसऱ्याने त्याच गाभ्यात माणसांचा हक्क मान्य केला. दोहोंचा समन्वय संमती ह्या एका शब्दावर सोपविला गेला. मोबदला घेऊन गाव सोडण्यास गावकरी तयार होतात तेव्हा ती संमती कितपत स्वेच्छेची असते, आणि हिंस्र पशूंचा उपद्रव, बंद पडलेली वाट, नसलेली शाळा व दवाखाना ह्यांच्या दडपणाखालील ती असते किंवा काय, हा प्रश्न कायद्याने सुटलेला नाही. अंधारी अभयारण्यातील बोटेझरी, जामणी, नवेगाव (रामदेगी) ह्या गावांच्या स्थलांतराचा अभ्यास ह्याच दृष्टीने होणे अगत्याचे आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत दावे नाकारल्या गेलेल्या वननिवासींस हटविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला व काही दिवसांतच त्यास स्थगिती दिली. ही घटना प्रश्नाची अनिर्णीत अवस्था स्पष्ट करते.

९. समारोप

देशातील राष्ट्रीय उद्यानांची संख्या आज शंभराहून अधिक आहे, तरी त्यांनी व्यापलेला भूभाग देशाच्या क्षेत्राच्या दीड टक्क्याहून कमीच आहे. एवढ्याशा भूमीच्या प्रशासनाचा इतिहास इतका गुंतागुंतीचा का व्हावा, ह्याचे उत्तर वरील विवेचनातून मिळू शकेल. ‘राष्ट्रीय’ हे विशेषण भारतात प्रथम प्रांतिक कायद्याने आले व त्यास राष्ट्रीय मालकीचा आधार नव्हता. १९७२ नंतर त्यास निर्बंधांच्या सर्वोच्च पायरीचा अर्थ प्राप्त झाला. १९७३ नंतर केंद्राच्या द्रव्याने आणि १९९६ नंतर न्यायालयाच्या आदेशांनी त्यास खरोखरीचे राष्ट्रीय नियंत्रण लाभले. ह्या सर्व टप्प्यांत केंद्र व राज्य ह्यांच्यातील अधिकारांची फेरवाटणी पुनःपुन्हा झाली. परंतु राज्यसत्ता आणि अरण्यात राहणारा मनुष्य ह्यांच्यातील वाटणीचा विचार २००६ पर्यंत कायद्याने गंभीरपणे केला नाही.

ह्यावरून उद्याने नसती तर बरे झाले असते, असा निष्कर्ष काढणे चूक होईल. बारशिंगा, गेंडा व वाघ ह्यांचे आजचे अस्तित्व बव्हंशी ह्या संस्थेचे ऋणी आहे, आणि धरणे व खाणी ह्यांपुढे ज्या अरण्यांचा टिकाव लागला त्यांतील पुष्कळांचा आधार हाच कायदा होता. प्रश्न उद्यान असावे की नसावे हा नाही. उद्यान राष्ट्राचे म्हणावयाचे तर त्या राष्ट्रात उद्यानाच्या सीमेवरील गावाची गणना होते किंवा नाही, हा आहे. नव्वद वर्षांच्या ह्या इतिहासाने सीमेस शाश्वती देण्याचे मार्ग शोधून काढले. सीमेच्या आत पूर्वीपासून असलेल्या माणसांस तशीच शाश्वती देण्याचा मार्ग मात्र अद्याप पुरता सापडलेला नाही.